इंद्रावतीच्या मागावर : भाग दुसरा

सोमवार, कुम्हारी ते जगदलपूर
खारुनचा पूल ओलांडून रायपूर, ऑटो ४०. बस ५५०. चहा ३०. धमतरीपुढे पंक्चर, दीड तास. केशकाल घाटात ट्रकांची रांग, आणखी दोन तास. पाठ कामातून गेली. झोपतो.

मंगळवार, चित्रकोट
जीप १००. जेवण १२०, नुसतं तिखट. फोटोंतून गर्जणारा धबधबा मे महिन्यात चार धारांवर आलेला. कालाहंडीच्या डोंगरातून निघालेल्या इंद्रावतीचं पाणी सीमेवरच जोरा नाल्यात वळतं. ओडिशा-छत्तीसगडचं भांडण जुनंच. पावसाळ्यात म्हणे काठावर उभं राहवत नाही. आज लोक खडकांवर बसून भेळ खात होते. पाठ तशीच.

बुधवार, बारसूर
बस पुन्हा उशिरा. थांब्यावरच्या चिंचेखाली एक म्हातारी तेंदूपत्त्याच्या गड्ड्या बांधत होती. ५० पानं मोजायची, दोरी, गाठ. बोलताना मोजणं चुकत नव्हतं. अशा १००० गड्ड्यांचा एक मानक बोरा, सरकारी दर ५,५०० रुपये. म्हणजे गड्डीला साडेपाच. माझ्या एका चहाला तिची जवळपास तीनशे पानं! तिची हलबी मला अर्धीमुर्धी कळते. भिलईचा म्हटल्यावर, “लोखंडवाले,” म्हणाली आणि पानावर चापडा पुढे केला. लाल मुंग्यांची चटणी. आंबट, झणझणीत, दुसऱ्यांदा मागून घेतली. चित्रकोटच्या जेवणाहून शंभरपट बरी. याच नदीवरच्या नियोजित बोधघाट धरणाचं विचारलं. १९७९ साली पायाभरणी झाली, पुढे जंगलाच्या मंजुरीत अडकलं, अधूनमधून फाइल पुन्हा वर येते. ती म्हणाली, “सर्वेवाले येतात, कोंबडी खातात, जातात.” तिचं गाव पलीकडच्या काठाला. संध्याकाळी सातधारला गेलो. खडकांतून फुटून नदी पुढे जाते, उत्तरेला अबूझमाड. त्या बाजूने तिच्या सोबतीला रस्ता नाही. चित्रकोट पाहून परतणाऱ्यांना नदी कळत नाही, हे माझं ठाम मत.

शुक्रवार, भोपालपट्टणम
तपासणी, वाट पाहणं, पुन्हा तपासणी. ऊन. पाठ.

रविवार, भामरागड
सिरोंच्याकडून वळसा घालून पोचलो. इथे पर्लकोटा आणि पामुलगौतम इंद्रावतीला मिळतात. पुराच्या दिवसांत पर्लकोटेचा पूल बुडाला की गाव तुटतं. बाबा आमट्यांनी १९७३ साली जवळच हेमलकसाला काम सुरू केलं, तेव्हा तर रस्ताच नव्हता. खाणावळीत वरण-भात आणि मराठी बोलणं. तीनदा भात घेतला. पुढे सोमनूरला इंद्रावती गोदावरीत शिरते. तिकडची गाडी पहाटे पाचला आहे म्हणतात. म्हणजे सात.