भरावाखाली काय जातंय?

मंडळी, गेले आठ-दहा दिवस तळवलीत संध्याकाळी डोक्यावर पिवळसर चतुरांचे थवे फिरतायत, बघितलेत का? पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसन्स. जगात सगळ्यात दूरवर पसरलेला चतुर हाच.

पावसाळी वाऱ्यांबरोबर येतो, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पिल्लं पाण्यातच डासांच्या अळ्या खात वाढतात आणि साधारण सहा ते नऊ आठवड्यांत, रात्री गवताच्या काडीवर चढून कात टाकतात. डबकं आटायच्या आत उरकायचं, म्हणून ही घाई. मग प्रवास. दर ऑक्टोबरात हे मालदीवला पोहोचतात, जिथे गोडं पाणी जवळपास नाहीच. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं, की ते समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात आणि पुढच्या पिढ्या पावसासोबत परत येतात. २०१२ साली पंखांच्या तपासणीवरून दिसलं, की मालदीवचे चतुर भारतीय उपखंडाच्या उत्तर भागातून आलेले. बोटाएवढा जीव, आणि आपल्याला लोकलने ठाण्याला जायचा कंटाळा!

आता मुद्दा. आपल्याकडे भातखाचरं होती तेव्हा चतुरांना पाण्याची ददात नव्हती. १९७० ला सिडको आली, शेतं गेली. (त्यावर आपले लोक किती भांडले ते इथे सांगायला नको.) उरली मोकळ्या प्लॉटमधली डबकी. त्यातलं एक गेल्या आठवड्यात डेब्रिज टाकून बुजवलं. कारण काय, तर डेंग्यू.

अहो, डेंग्यूचा डास होतो ड्रममध्ये, टायरात, कुंडीखालच्या ताटलीत. शहरातला मलेरियाचा डासही बहुधा गच्चीवरच्या उघड्या टाकीत. डबक्यात डास होतच नाहीत असं मी म्हणत नाही, होतात. पण तिथे त्यांना खाणाराही असतो. ड्रममध्ये कोण आहे? भरावाने खाणारा गेला, ड्रम तसाच राहिला. फॉगिंगचंही तेच, धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाहीत.

प्लॉटवाल्यांना एवढंच सांगणं, भराव टाकायचाच तर दिवाळीनंतर टाका. तोवर चतुर उडालेले असतात, पाणीही आटत आलेलं असतं. आणि सोसायटीवाल्यांनो, रविवारी ड्रम उपडे करा. सकाळी लवकर डबक्याकडे गेलात तर गवतावर चिकटलेल्या रिकाम्या काती दिसतील, फोटो काढून कमेंटमध्ये टाका.