डी.एड.चं देणं

पाठ टाचणाच्या वहीत एक रकाना असायचा, ‘विद्यार्थी कृती’. आपण काय विचारायचं ते डावीकडे आणि मुलांनी काय उत्तर द्यायचं ते त्याच्या शेजारी. हे उत्तर आदल्या रात्रीच लिहून ठेवायचं. ज्या पोरांची तोंडंही नीट ओळखीची नाहीत, त्यांच्या तोंडची वाक्यं आम्ही चौघीजणी कडा गावातल्या भाड्याच्या खोलीत बसून लिहीत असू, लाइट गेली की चिमणीच्या उजेडात. आणि दुसऱ्या दिवशी मुलं नेमकं तेच उत्तर द्यायची! ‘आकाशात आपल्याला काय काय दिसतं?’ की सगळे एका सुरात ‘सूर्य, चंद्र, तारे’. ढग कुणी म्हणत नसे, विमान कुणी म्हणत नसे. मला वाटायचं, प्रश्न छान विचारला आपण.

ही गोष्ट २००० ते २००२ ची. तेव्हा बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड., शिक्षकाची पदविका, म्हणजे आमच्या भागात नोकरीचा सरळ रस्ता. इंजिनिअरिंग-मेडिकल ही नगर-पुण्याच्या मुलांची स्वप्नं. आष्टी तालुक्यातल्या कोरडवाहू घरात बरे मार्क पडलेल्या मुलीला दोनच गोष्टी विचारल्या जात, डी.एड.ला नंबर लागला का, आणि नसेल तर स्थळं बघायची का. माझा नंबर लागला, कड्याच्या अध्यापक विद्यालयात. कडा हे बाजाराचं गाव. जिल्हा बीड, पण कांद्याचा भाव असो, कापड असो की दवाखाना, गावाचं तोंड नगरकडे. आता तिथं रेल्वे स्टेशन आहे, २३ सप्टेंबर २०२२ ला नगर-आष्टी गाडी सुरू झाली. आमच्या वेळी एसटी, आणि ती चुकली की जीपच्या मागच्या फळीवर.

अभ्यासक्रमाबद्दल लोक चेष्टेनं बोलतात, ‘डी.एड. म्हणजे नुसती तक्ते रंगवणं’. तक्ते रंगवले हे खरं. फ्लॅनेल बोर्ड केले, काड्यापेट्यांची घरं केली, कार्यानुभवाच्या तासाला मेणबत्त्या ओतल्या. पण मानसशास्त्राचा पेपर होता, शिक्षणाचा इतिहास होता, प्रत्येक विषयाची अध्यापन पद्धती होती, आणि हर्बार्टच्या पायऱ्या तर झोपेतही पाठ: प्रास्ताविक, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन. इतिहासाच्या तासाला सावित्रीबाई आल्या की आमचे सर हटकून सांगत, अध्यापनाचे धडे त्यांनी नगरच्या मिस फरारबाईंच्या शाळेत घेतले होते. पन्नासएक किलोमीटरवर! त्या दिवशी वर्गातल्या मुली जरा ताठ बसत.

सूक्ष्म अध्यापन हा प्रकार मात्र मला पहिल्यापासून मजेशीर वाटला. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो काढला: एका वेळी एकच कौशल्य, पाच-सहा मिनिटांचा पाठ, मोजकी मुलं. आपल्याकडे आला तेव्हा मुलांच्या जागी मैत्रिणीच बसल्या. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटांत पुन्हा टाचण, सहा मिनिटं पुन्हा तोच पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. सगळं चक्र छत्तीस मिनिटांचं. वीस वर्षांच्या पोरी दोन वेण्यांचा अभिनय करत ‘बाई, मी सांगू?’ म्हणायच्या. प्रश्नकौशल्य, प्रबलन, फलकलेखन एकेक करून पार पडलं. मग सराव पाठ आले आणि खरी पोरं समोर आली.

आमची सराव शाळा कड्याजवळच्या गावात होती, जिल्हा परिषदेची. गणवेशाची साडी, काखेत गुंडाळफळा, हातात टाचण, आणि मागच्या बाकावर पाठ निरीक्षणाला सर. चौथीच्या वर्गात पाऊल टाकलं की पहिल्या रांगेतली एक मुलगी हळूच विचारायची, ‘बाई, तुमचा कितवा पाठ?’ मला तो भोचकपणा वाटे. पुढं उलगडा झाला. ही मुलं पहिलीपासून डी.एड.वाल्यांच्या हाताखालून गेलेली होती. दरवर्षी नवी तुकडी, नव्या साड्या, तेच प्रास्ताविक. मागं सर वही घेऊन बसले की परीक्षा आपली नाही, बाईंची आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटचे पाठ असतील तर ती जास्त शहाण्यासारखी वागत. एखादा प्रश्न माझ्याकडून आडवातिडवा विचारला गेला, तर तीच मुलगी मान वर करून जे उत्तर मला हवं असेल ते देऊन टाकी. पाठ संपल्यावर मुलं पटांगणात गाठत, ‘सरांनी शेरा काय दिला?’ ‘विद्यार्थी सहभाग उत्तम’ म्हटलं की त्यांनाच आनंद. माझ्या पदविकेतले ते गुण नक्की कुणाचे, हा हिशेब मी तेव्हा केला नाही.

त्या वर्गाच्या बाई वेगळ्याच. वय पन्नाशीच्या आसपास, नऊवारी सोडून पाचवारीत आल्या होत्या एवढाच त्यांचा नवेपणा. आम्ही वर्गात शिरलो की त्या खुर्ची उचलून व्हरांड्यात जायच्या आणि हजेरीपट, शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, जनगणनेचे कागद असलं काहीबाही करत बसायच्या. आमच्या पाठावर त्या कधी बोलल्या नाहीत. एकदा माझा फ्लॅनेल बोर्ड वर्गातच राहिला म्हणून दुपारी परत गेले. खिडकीतून ऐकू आलं: सकाळी मी घेतलेला अपूर्णांकांचा पाठ बाई पहिल्यापासून घेत होत्या. भाकरी घरून आणलेली, कागदाच्या पट्ट्या नाहीत की तक्ता नाही. भाकरीचे चार भाग केले, त्यातला एक एका पोराला दिला आणि विचारलं, ‘ह्याला किती मिळाली?’ पोरगं म्हणालं, ‘एक.’ बाई म्हणाल्या, ‘एक काय?’ मग गप्पच बसल्या. वर्ग कितीतरी वेळ गप्प. आमच्या टाचणात गप्प बसायला रकाना नव्हता.

मी दारात दिसले तशी त्या ओशाळल्या नाहीत की मला ओशाळू दिलं नाही. ‘ये पोरी. तुमचं शिकणं सकाळी, ह्यांचं दुपारी,’ एवढंच बोलल्या. आम्ही जितके पाठ घेतले तितके त्यांनी पुन्हा घेतले, वर्षानुवर्षं, आणि वर वेळेत अभ्यासक्रमही पुरा केला. त्याचं मानधन नाही, शेरा नाही, कुठल्या अहवालात एक ओळ नाही. प्रशिक्षणाचा सगळा डोलारा अशा बाईंच्या दुपारींवर उभा असतो आणि अध्यापक विद्यालयाच्या माहितीपुस्तकात त्यांचं नावही छापलं जात नाही, हे मला आजही खटकतं.

त्यानंतर मी दुपारी थांबायला लागले. बाईंची हरकत नव्हती. त्यांच्याकडून मी जे उचललं त्यातलं एक सांगते. माझा वजनमापाचा पाठ होता. शंभर किलोचा क्विंटल, दहा क्विंटलचा टन. मी विचारलं, ‘टनात काय काय मोजतात?’ टाचणातलं उत्तर होतं, लोखंड, कोळसा. मागच्या रांगेतला एक पोरगा, एरवी कधी न बोलणारा, म्हणाला, ‘ऊस. पण बाई, टन तोडला तरी काट्यावर टन भरत नाही.’ सगळा वर्ग हसला, काहींनी माना डोलावल्या. माझा फळा टाचणाप्रमाणं काठोकाठ भरलेला. त्या उत्तराला जागाच नव्हती. दुपारी बाईंनी फळ्यावर उजवीकडे एक उभी रेघ मारली आणि म्हणाल्या, ‘एवढी पट्टी पोरांची. सकाळी भरायची नाही.’ मग त्याच पोराला उभा करून उदाहरण घातलं: ट्रॉलीत ऊस दहा टन, काट्यानं दाखवला नऊ टन आठ क्विंटल, गेला किती? त्यानं तोंडी सांगितलं, दोन क्विंटल. आणि पुढं स्वतःच, ‘दोन क्विंटलचे पैसे बी गेले.’ ते पट्टीत लिहिलं गेलं. आज माझ्या वर्गाच्या फळ्यावर ती रेघ आहे.

दसरा-दिवाळी झाली आणि वर्ग निम्मा झाला. आमच्या तालुक्यातून दरवर्षी बिऱ्हाडं ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जातात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि ज्यांच्या घरी सांभाळायला म्हातारं माणूस नाही त्यांची पोरं त्यांच्याबरोबर फडात. ‘कितवा पाठ’ विचारणारी मुलगी गेली, काट्याचं गणित सांगणारा पोरगा गेला. बाईंच्या पर्समध्ये एक छोटी वही असायची. कोणतं पोर कोणत्या कारखान्यावर गेलं आणि कोणत्या धड्यापर्यंत आलं होतं, हे त्यात. अक्षयतृतीयेच्या पुढंमागं बिऱ्हाडं परतली की बाई उन्हाळ्यात ओट्यावर बसून त्या धड्यापासून पुढं सुरू करायच्या.

इथं मला माझ्या घरचं सांगायलाच हवं. माझी फी, खोलीचं भाडं, साड्या, तक्त्यांचा कागद, हे सगळं दादानं मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून आलं. पहिल्या वर्षी दादा-वहिनी पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्यावर गेले. उचल त्या हंगामात फिटली नाही, अंगावर राहिली, म्हणून दुसऱ्या वर्षी जाणं आलंच. बरोबर माझी भाची, तिसरीतली. म्हणजे मी ज्या महिन्यांत दुसऱ्यांच्या लेकरांवर ‘प्रबलन कौशल्य’ आजमावत होते, त्या महिन्यांत माझ्याच घरची पोर उसाच्या वाढ्याच्या ढिगाजवळ धाकट्या भावाला सांभाळत बसली होती. वहिनी सुट्टीत भेटली तेव्हा माझी टाचणवही चाळून म्हणाली, ‘किती सुबक लिहितेस गं.’ तिच्या तळहातावरचे घट्टे पानाला अडत होते. भाचीच्या शाळेचा विषय दोघींनीही काढला नाही.

आंतरवासिता मी मागून बाईंच्याच शाळेत घेतली. दोनशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एका खोलीत. जोडवर्ग अध्यापनावर आम्हाला एक प्रकरण होतं, परीक्षेला पाच गुणांचं. बाईंच्या वर्गात ते दिवसभराचं. एका वर्गाला तोंडी काम, दुसऱ्याला लेखी, आणि तिसरीतल्या हुशार पोरानं चौथीचं ऐकून पुढं जायचं असेल तर जाऊ द्यायचं. फेड म्हणून मी फार थोडं करू शकले. जून २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं होतं आणि पहिलीच्या गुरुजींसह दोघांनाही ते अवघड जात होतं. मी रोज शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर ‘स्टँड अप, सिट डाउन’ करून घ्यायची. बाई उठत-बसत हसायच्या, ‘गुडघे गेले गं माझे तुझ्या इंग्रजीपायी.’

पुढं मी शिक्षणसेवक झाले. तेव्हा तीन वर्षं, महिना तीन हजार रुपये. (आता ते सोळा हजार आहेत, आणि तेही फार नाहीत.) पहिल्या पैशातून दादाची उरलेली उचल मुकादमाला दिली. ते एक कर्ज फिटलं. भाचीला मी दर उन्हाळ्यात माझ्याकडे ठेवून घेतलं, बाईंच्या वहीसारखी वही करून. ती दहावी झाली, पुढं बारावीही. कशीबशी असं मी म्हणणार नाही. तिच्याइतकी मेहनत मी डी.एड.ला केली नव्हती.

आमच्यानंतर डी.एड.चं पीक आलं. गावोगावी विद्यालयं निघाली, हजारोंनी पदविका वाटल्या गेल्या, आणि २०१२ साली राज्यानं शिक्षकभरतीच थांबवली. मग २०१३ ला टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, २०१७ ला अभियोग्यता चाचणी आणि भरतीचं पवित्र पोर्टल. माझ्याहून हुशार पोरं पोर्टलकडे डोळे लावून तिशी ओलांडून गेली. आता अभ्यासक्रमाचं नाव डी.एल.एड., आणि जागा भरायला मुलं मिळत नाहीत. माझ्या वर्गावर क्वचित एखादी छात्राध्यापिका येते. मी खुर्ची घेऊन व्हरांड्यात जाते.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रान उठलं. मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण २३ नोव्हेंबरची परीक्षा समोर होती. फॉर्म भाचीनं मोबाइलवर भरून दिला, शुल्कही तिनंच भरलं. पैसे द्यायला गेले तर म्हणाली, ‘आत्या, राहू दे. तुझ्या नावावर आमचं बरंच आहे.’ आणि खळखळून हसली.

दीडशे गुणांत तीस बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला. पियाजे, वायगॉट्स्की, सगळं वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा. बाई आता निवृत्त, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, मुलाकडे नगरला असतात. त्यांना सहज फोनवर सांगितलं, तर संध्याकाळी त्यांचाच फोन. सात ते अकरा वयोगट, पियाजेची कोणती अवस्था? मी म्हटलं, मूर्त क्रियात्मक. ‘बरं. उदाहरण दे, पुस्तकातलं नको.’ तेव्हापासून परीक्षेपर्यंत हा रोजचा नेम झाला. उत्तर चुकलं तर त्या बरोबर उत्तर सांगत नसत. ‘उद्या पुन्हा विचारीन’ म्हणून फोन ठेवून देत, आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारत.