सात सेंटिमीटर

आमची गाडी १५६ सेंटिमीटर रुंद होती आणि पप्पांच्या टेम्पोचा हौदा १४९. गोष्ट एवढीच आहे. पुढचं सगळं या सात सेंटिमीटरांतून निघालं. तेवीस हजार रुपये, तीन आठवडे, दिवे घाटातलं एक वळण आणि माझा चार दिवसांचा अबोला.

आधी गाडीबद्दल सांगते. इंजिनिअरिंगला असताना आम्ही पंचवीस जणांनी मिळून एक एटीव्ही बनवली होती. पाइपांचा पिंजरा, त्यात एक सीट, मागे दहा हॉर्सपॉवरचं इंजिन आणि चार गुबगुबीत टायर. 'बाहा' नावाची स्पर्धा असते, तिच्यासाठी. ही स्पर्धा अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाली आणि भारतात २००७ पासून होते. इंजिन सगळ्यांना सारखंच, बाकी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः डिझाइन करायची, स्वतः बनवायची. मग ती इंदूरजवळच्या पिथमपूरला न्यायची आणि तिथल्या खड्ड्यांत, चिखलात, दगडांवर चार तास पळवायची. जी टिकेल ती खरी.

पुण्यात मेकॅनिकलला असलेल्या कुणालाही विचारा. त्याच्या कॉलेजच्या वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीखाली अशी एखादी जुनी गाडी गंजत पडलेली असतेच.

आता अडचण बघा. ही गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. तिला नंबर प्लेट नाही, इंडिकेटर नाही, पासिंग नाही. दगडधोंड्यांतून उड्या मारणारी ही वस्तू पुण्याहून पिथमपूरला, म्हणजे सुमारे सहाशे किलोमीटर, दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर बसूनच जाणार. ट्रान्सपोर्टवाल्यानं जाऊन-येऊन अठ्ठावीस हजार सांगितले. आमच्या खात्यात तेव्हा एकतीस होते आणि अजून ब्रेकचे पार्ट यायचे होते.

मीटिंगमध्ये सगळे गप्प बसले असताना मी म्हणाले, "माझ्या पप्पांचा टेम्पो आहे."

*

पप्पांचा टेम्पो म्हणजे टाटा एस. छोटा हत्ती. मॉडेल २०११चं, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाऊण टनाचा माल. पहाटे मार्केट यार्डातून भाजी उचलायची आणि हडपसर, फुरसुंगी, मांजरीच्या दुकानांत टाकायची. माझी फी या हौद्यातूनच आलेली.

टेम्पो हा शब्द खरं तर एका कंपनीचा. १९५८ मध्ये फिरोदियांनी जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी करार करून बजाज टेम्पो सुरू केली. तिच्या तीनचाकी इतक्या चालल्या की मालाच्या प्रत्येक छोट्या गाडीला आपण टेम्पोच म्हणायला लागलो. २००५ मध्ये त्या कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं आणि त्याच वर्षी टाटांनी एस बाजारात आणली. म्हणजे कंपनीच्या पाटीवरून शब्द उतरला आणि दुसऱ्याच कंपनीच्या गाडीवर जाऊन बसला. दोन्ही कंपन्यांचे कारखाने आपल्याच आकुर्डी-पिंपरीत. पप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरं. पण हप्ता कुणी माफ केला का?"

पिथमपूरचं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी एका मिनिटात हो म्हटलं. "डिझेल आणि टोल द्या, बास." पाच दिवस टेम्पो बाहेर म्हणजे पाच दिवसांचा धंदा बंद. बांधलेली गिऱ्हाइकं त्या पाच दिवसांत दुसऱ्या टेम्पोकडे जाऊ शकतात. यातलं काहीही ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. मी टेप घेऊन हौदा मोजायला गेले.

एकशे एकोणपन्नास.

*

मी चेसिस टीमची हेड होते. सात सेंटिमीटर हा माझ्यासाठी प्रॉब्लेम नव्हता, डिझाइनची संधी होती. रात्री यूट्यूबवर उत्तर सापडलं. कॅनडात लोक पिकअपच्या मागे स्नोमोबाइल नेतात. बर्फावर चालणाऱ्या त्या गाड्या दोन शेजारी शेजारी ठेवल्या तर हौद्यात मावत नाहीत. मग ते हौद्याच्या कडांच्या वर एक सपाट डेक बसवतात. कडांच्या वर गेलं की रुंदीची अडचणच उरत नाही. मागून रॅम्प बाहेर येतो, गाडी चालवत वर चढवायची, पट्टे आवळायचे, निघायचं. दाढीवाले काका बर्फात उभं राहून हे सगळं इतकं सहज करत होते की मला वाटलं, आपणही करू.

मी डेक काढला. खाली चाळीस बाय चाळीसच्या चौकोनी पाइपची फ्रेम, वर तीन एमएमची चेकर प्लेट, मागे घडीचा रॅम्प. फाळक्यांची उंची तीस सेंटिमीटर, म्हणून डेक हौद्याच्या तळापासून बत्तीसवर. स्क्रीनवर त्यावर वजन टाकून बघितलं. सगळं हिरवं, कुठंही लाल नाही. भवानी पेठेतून लोखंड आणलं, बोहरी आळीतून नटबोल्ट आणि रॅचेट पट्टे. भोसरीतल्या एका शेडमध्ये तीन आठवडे संध्याकाळी जाऊन आम्ही तो जोडला. निम्मं वेल्डिंग मी केलं. हातावरचे ठिपके अजून आहेत.

पप्पा एकदाच बघायला आले. डेकभोवती एक चक्कर मारली, प्लेटवर बोटं वाजवली.

"वजन किती याचं?"

"एकशे ऐंशी किलो."

"आणि तुमच्या गाडीचं?"

"तेवढंच. पप्पा, तुमची कपॅसिटी साडेसातशे आहे. आपण निम्म्यालाही पोचत नाही."

"हं," म्हणाले. पप्पांचं "हं" म्हणजे काय, हे वयाच्या एकविसाव्या वर्षी मला कळायला हवं होतं.

मग त्यांनी आरटीओचं विचारलं. गाडीचा बांधा बदलला तर परवानगी घेऊन आरसीत नोंद लागते. आणि माल बाजूनं बाहेर आला तर वीस हजार दंड, हे २०१९ च्या नव्या कायद्यात आलेलं. राज्यानं ते नवे दंड लगेच लागू केले नव्हते, पण आकडा मात्र प्रत्येक टेम्पोवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर फिरत होता. टेम्पोची स्वतःची रुंदीच दीड मीटर, म्हणजे आमचे टायर दोन्हीकडून तीन-तीन सेंटिमीटर बाहेर येणार. मी म्हणाले, "तीन सेंटिमीटर कोण बघतंय?"

पप्पा म्हणाले, "ज्याला पैसे पाहिजेत तो बघतो."

*

डिसेंबरातल्या एका रविवारी चाचणी घ्यायची ठरली. आमच्या घरापासून सासवड रस्त्यानं वडकीपर्यंत गेलं की दिवे घाट लागतो. पालखीच्या फोटोंत दिसतो तोच. डेकवर गाडी चढवली, चारही बाजूंनी पट्टे आवळले. मी पुढे बसायला गेले तर पप्पा म्हणाले, "तू मागून बाइकवर ये." मला राग आला. माझं काम आहे आणि मलाच बसू देत नाहीत.

चढताना काही झालं नाही. वरून वळून उतरायला लागलो. मी मागे होते, म्हणून मला सगळं दिसलं. एका डाव्या वळणावर समोरून बस आली. पप्पांनी थोडं जास्त स्टीअरिंग कापलं आणि टेम्पो उजवीकडे कलला. कलला म्हणजे झुकला नाही, कलंडायला लागला. मागचं डावं चाक रस्ता सोडतंय की काय असं वाटलं. खरंच सुटलं का, हे मी आजही सांगू शकत नाही. पण त्याच्या खालची सावली मला वेगळी दिसली, एवढं नक्की. मग तो परत बसला. डेकच्या एका कोपऱ्यातून 'टण्ण' असा आवाज आला.

तिथून खाली वडकीपर्यंत पप्पा पहिल्या गिअरमध्ये आले. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. खाली टपरीसमोर त्यांनी टेम्पो लावला, उतरले, चहा सांगितला. हात थरथरत होते म्हणून ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. ते एवढंच म्हणाले, "कुणीतरी खांद्यावर बसल्यासारखं वाटतं गं."

मी डेकखाली वाकून बघितलं. कोपऱ्यातलं वेल्डिंग तडकलं होतं. त्या कोपऱ्याला आडवा-तिरपा आधार मीच काढला नव्हता, वजन वाचवायला. स्क्रीनवर मी वरून दाबून बघितलं होतं. बाजूनं ढकलून बघितलंच नव्हतं.

बाकीचं गणितही सोपं होतं. त्या दाढीवाल्या काकांचा पिकअप दोन टनांच्या वरचा आणि दोन मीटर रुंद. आमचा छोटा हत्ती रिकामा असताना साडेआठशे किलोच्या आतबाहेर आणि दीड मीटर रुंद. त्याच्या डोक्यावर मी तीनशे साठ किलो चढवले होते. साडेसातशे हा आकडा मी वाचला होता, पण तो हौद्याच्या तळाला ठेवलेल्या मालाचा आहे, हे वाचलं नव्हतं. पप्पांनी ते कधीच वाचलेलं नाही. त्यांनी कांद्याच्या गोण्या भरल्यात.

*

चार दिवस मी घरात कुणाशी नीट बोलले नाही. चिडले होते म्हणून नाही. मला सारखी ती सावली दिसायची. आणि टीमला काय सांगायचं हेही कळत नव्हतं. तेवीस हजार वर्गणीचे होते. त्यात एका मुलाच्या आईनं शिवणकामातून दिलेले पंधराशेही होते.

पाचव्या दिवशी पप्पा रात्री जेवताना म्हणाले, "तुमच्या गाडीची चाकं निघतात ना?"

"निघतात की."

"पलंग जिन्यातून कसा नेतात?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी पोळीचा तुकडा हातात धरून बसले. पाय काढून नेतात.

चाकं काढल्यावर हब ते हब रुंदी एकशे अडतीस. हौदा एकशे एकोणपन्नास. दोन्हीकडे साडेपाच सेंटिमीटर जागा राहत होती. गाडी हौद्याच्या आत, फाळक्यांच्या मधे, तळाजवळ. बाहेर काही नाही, वर काही नाही, टेम्पोला एक भोकही पाडायचं नाही. फक्त पिंजऱ्याच्या खाली दोन घोड्या हव्यात, गाडीचं वजन घ्यायला.

मी टीमला सगळं सांगितलं. घाटातलंही, कोपऱ्यातलंही. एक जण म्हणाला, "म्हणजे आपण तेवीस हजाराला पलंगाचं गणित शिकलो." कुणी हसलं नाही, मग सगळेच हसले. डेक कापला. पाइपांच्या दोन घोड्या केल्या, या वेळी तिरपे आधार देऊन. चेकर प्लेट भंगारात गेली, अडीच हजार आले. घोड्यांवर पप्पांनी जुने टायर कापून बसवले आणि पट्ट्यांच्या जोडीला स्वतःची नायलॉनची दोरी बांधली. ती गाठ त्यांनी मला तीनदा दाखवली. मला अजून येत नाही.

*

जानेवारी २०२०. तीन टनांच्या आतल्या गाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे तो खर्च वाचला. पहाटे निघालो. नगर, मालेगाव, धुळे. ताशी पंचेचाळीसच्या वर पप्पांनी काटा जाऊ दिला नाही. या वेळी मी पुढे बसले होते. सेंधव्याच्या अलीकडे घाट लागला तेव्हा मी दार घट्ट धरलं. पप्पांनी बघितलं, काही बोलले नाहीत, रेडिओ लावला. टेम्पो रस्त्याला चिकटून वळला. दुसऱ्या दिवशी खलघाटला नर्मदा ओलांडताना त्यांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून पाण्यात टाकलं. "तुमच्या गाडीसाठी," म्हणाले.

गाडी उतरवायला आठ जण लागले. माणशी बावीस किलो. रॅम्पची आठवणही कुणाला आली नाही.

चार तासांच्या शर्यतीत आम्ही पावणेदोन तास टिकलो. मग एका खड्ड्यात पुढच्या उजव्या चाकाचा नकल तुटला आणि चाक आडवं पडलं. ओढत बाहेर आणली. संध्याकाळी पार्किंगमध्ये बऱ्याच टीम्सची तीच दशा होती. तीन चाकांच्या, दोन चाकांच्या गाड्या, आणि त्यांना ट्रकच्या फळीवर चढवायला घाम गाळणारी पोरं. रॅम्पला गडगडत वर जाणारी गाडी लागते. घोडीला चाकांशी काही देणंघेणं नसतं. आम्ही उरलेली तीन चाकं काढली, उचलली, बांधली आणि वीस मिनिटांत मोकळे झालो. शेजारच्या टीममधल्या एकानं विचारलं, "ये किसका डिझाइन है?"

मी पप्पांकडे बोट दाखवलं. ते ताडपत्री ओढत होते. त्यांना वाटलं मी चहाला बोलावतेय.

*

दोन महिन्यांनी लॉकडाऊन लागला. कॉलेज बंद, गाडी वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीखाली. दुकानं बंद होती, पण भाजी लोकांना लागतच होती. पप्पा सोसायट्यांच्या गेटवर थेट टेम्पो लावायला लागले. घोड्या आमच्या दारात पडल्या होत्या. एका सकाळी बघितलं तर त्या हौद्यात आडव्या ठेवून वर फळ्या टाकलेल्या. खाली कांदे-बटाटे, वर टोमॅटो. जड खाली, हलकं वर.

मी आता चाकणला नोकरी करते. इलेक्ट्रिक टेम्पोच्या हौद्यांचं ड्रॉइंग काढते. मागच्या महिन्यात एका नव्या मुलानं मला मॉडेल दाखवलं. वरून वजन टाकलेलं, सगळं हिरवं.

मी म्हणाले, "छान आहे. आता बाजूनं ढकल."