माणूस आणि झाड

वाचकहो, शेवगावला कधी आलात, तर दुपारच्या वेळी पैठण रस्त्याने थोडे फिरून पाहा. दुतर्फा शेते, वर रणरणते ऊन आणि बांधावरच्या कडुलिंबाला पाठ टेकून बसलेला एखादा शेतकरी. हे दृश्य मी वर्षानुवर्षे पाहत आलो. ते एक अक्षरही आहे, हे मात्र अलीकडेच कळले.

माझे एक रुग्ण निवृत्त शिक्षक आहेत. नातू नोकरीसाठी जपानला गेल्यापासून गुरुजी जपानी कांजी, म्हणजे चित्रांतून घडलेली अक्षरे, शिकत आहेत. जपानमध्ये नित्य वापरासाठी २१३६ कांजी निश्चित केल्या आहेत. त्यांपैकी १०२६ मुले प्राथमिक शाळेतच गिरवतात. गुरुजींनी रोजच्या क्रियापदांपासून आरंभ केला. 'मिरु' म्हणजे पाहणे : दोन पायांवर उभा असलेला डोळा. 'किकु' म्हणजे ऐकणे : दारात ठेवलेला कान. 'यासुमु' म्हणजे विसावणे : झाडाशेजारी माणूस. जपानी वाक्यातही मराठीप्रमाणे क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाक्यरचना त्यांना परकी वाटली नाही.

शिकण्याची रीत आपल्या धुळाक्षरांचीच. ताटात पीठ पसरावे, बोटाने अक्षर गिरवावे, मोठ्याने उच्चारावे. आठवड्याला चार अक्षरे पुरेत. यामुळे स्मृतिभ्रंश टळेलच, अशी हमी मी देणार नाही. परंतु मेंदूला नवे काम मिळते आणि नातवाशी बोलायला विषय. मात्र ऐकू कमी येत असेल, तर कान अवश्य तपासून घ्यावेत. श्रवणदोषाचा स्मृतिभ्रंशाशी संबंध आढळला आहे. नेहमीची वाट किंवा ओळखीची माणसे विसरू लागल्यास, वयाला बोल न लावता डॉक्टरांना दाखवावे.

गुरुजींच्या पत्नी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आहेत. शुश्रूषा ते एकटेच करतात. त्यांचा रक्तदाब वाढलेला, झोप तुटक. 'विश्रांती घ्या' असे मी दर वेळी चिठ्ठीवर लिहायचो. ते हसून चिठ्ठी खिशात ठेवायचे. गेल्या खेपेस औषधांच्या नावांखाली मी 'यासुमु'चे अक्षर काढले. ते बराच वेळ पाहत राहिले.

"डॉक्टर, हे अक्षर मी शंभरदा गिरवले. केले मात्र एकदाही नाही."

आता दुपारी तासभर शेजारच्या वहिनी त्यांच्या पत्नीजवळ बसतात आणि गुरुजी अंगणातल्या कडुलिंबाखाली. तुमच्याही घरी रुग्ण असेल, तर असा एक तास कुणाकडे तरी मागून घ्या. मागण्यात संकोच करू नका.