विसाव्याचं जू

सुभानपुरा, वडोदरा. रविवार

देवाच्या सान्निध्यातला विसावा म्हणजे कामातून सुटका असं मानलं, तर रविवारची उपासनाही आठवड्यातलं आणखी एक काम ठरते. मला वाटतं, या विसाव्याचं मूळ कृपेत आहे. ती कमवावी लागत नाही. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू थकल्याभागल्यांना बोलावतो, पण त्यांना बिनजुवाचं सोडत नाही. आपलं सोयीचं जू देतो. श्रम उरतात, लायकी सिद्ध करण्याचं ओझं मात्र उतरतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन रुजवलं, ते म्हणूनच मोलाचं: परक्या चालीत अवघडलेलं मन अभंगात मोकळं होतं.

यावर कुणी म्हणेल, असा विसावा म्हणजे जगाकडे फिरवलेली पाठ आहे. पण निर्गमातली शब्बाथाची आज्ञा दासदासी, परदेशी आणि गुराढोरांनाही विश्रांती देते. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली प्रार्थनेची मोठी लाट आली. तिथलं निराधार स्त्रियांचं काम त्यामुळे थांबलं नाही. रमाबाईंनी पुढे बायबलचं मराठी भाषांतरही केलं. तेव्हा कसोटी साधी आहे: ज्याच्या उपासनेमुळे घरच्या कामवालीलाही सुट्टी मिळत नाही, त्याचा विसावा अजून अपुराच आहे.