शेंगेन नावाचे गाव

आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन युरोपात शिकायला जाऊ लागल्यापासून 'शेंगेन व्हिसा' हा शब्द आपल्या घरांतही ऐकू येतो. पण शेंगेन हे एका गावाचे नाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक असेल. मलाही ते थोरल्या बहिणीच्या पासपोर्टामुळे कळले. गेल्या सप्टेंबरात ते गाव मी तिच्याबरोबर पाहिले. त्याची हकिगत समाजबांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

लक्झेंबर्ग हा जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियम यांच्यामध्ये दडलेला चिमुकला देश आहे. त्याच्या आग्नेय टोकाला मोझेल नदीच्या काठी शेंगेन वसले आहे. नदीवर एक साधा पूल आहे. पलीकडे जर्मनीतले पेर्ल गाव आणि जरा खाली गेले की फ्रान्स. १४ जून १९८५ रोजी याच नदीत 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' नावाच्या बोटीवर बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी आपसांतल्या सीमांवरची तपासणी उठवण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमल २६ मार्च १९९५ पासून सुरू झाला. २०२५ च्या जानेवारीत रुमानिया आणि बल्गेरिया पूर्णपणे आत आले, तेव्हा त्यात २९ देश झाले.

ताईला वाटले होते, एवढे नाव आहे म्हणजे मंत्रालयासारखी इमारत असेल, दारात पोलीस असतील. प्रत्यक्षात काठावर ताऱ्यांनी मढवलेले तीन लोखंडी स्तंभ, एक संग्रहालय, थोडी घरे, आणि मागे टेकडीभर द्राक्षाचे मळे. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्या एवढ्याशा गावाच्या नावानं माझा कागद परत आला व्हता काय रे?"

तिच्या या प्रश्नाचे उत्तर सांगण्यासारखे आहे.

ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, शिष्यवृत्तीवर जर्मनीत शिकला आणि लक्झेंबर्गला नोकरीला लागला. तिथे त्याने एका पोर्तुगीज मुलीशी लग्न केले. सूनबाईचे वडील तिथे गवंडीकामाला आले, तेव्हा ती लहान होती. (त्या देशात निम्म्याच्या जवळपास लोक परदेशी आहेत, आणि त्यांत सर्वांत जास्त पोर्तुगीज. १९६० आणि ७० च्या दशकांत ते मजूर म्हणून आले. त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या गवंड्याचे हात पाहून मला चाळीतली माणसे आठवली.) सूनबाईचा पासपोर्ट अजून पोर्तुगालचा आहे. युरोपीय संघाच्या एका देशाची नागरिक, राहते दुसऱ्या देशात. कायद्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

संघाचा २००४ सालचा ३८ क्रमांकाचा निर्देश असा आहे की, संघाचा नागरिक आपला देश सोडून संघातल्याच दुसऱ्या देशात राहत असेल, तर त्याच्या कुटुंबीयांना त्याच्याजवळ राहण्याचा हक्क आहे, मग ते कोणत्याही देशाचे असोत. कुटुंबीय म्हणजे नवरा-बायको, २१ वर्षांखालची किंवा अवलंबून असलेली मुले, आणि अवलंबून असलेले आईवडील. नवऱ्याचे किंवा बायकोचे आईवडीलसुद्धा! म्हणजे सुनेच्या हक्कावर सासू जाऊ शकते. अशा माणसाला व्हिसा विनाशुल्क आणि लवकरात लवकर द्यायचा असतो. 'तुम्ही परत जाल कशावरून?' हा पर्यटकाला विचारायचा प्रश्न त्याला लागू होत नाही.

आमचे झाले असे. ताई विधवा. निफाड तालुक्यात द्राक्षबागांत रोजंदारीने विरळणी करून तिने मुलगा वाढवला. आता गुडघे गेले, पेन्शन नाही, घर मुलाच्या पैशावर चालते. मुंबईतल्या एका व्हिसा केंद्रात आम्ही दोघांचे अर्ज दिले. मी पर्यटक, म्हणून माझे ९० युरो, केंद्राचे वेगळे शुल्क, विमा, कचेरीचे रजापत्र, आयकराची विवरणपत्रे हे सारे रास्तच. पण काउंटरवरच्या मुलीने ताईचा अर्जही पर्यटक म्हणूनच घेतला. सूनबाईच्या पासपोर्टाची प्रत आणि लग्नाचा दाखला 'याची गरज नाही' म्हणून परत दिला. माझा व्हिसा आला. ताईला मात्र छापील कागद मिळाला की, परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका वाटते. जिच्या नावावर जमीन नाही, बँकेत ठेव नाही, त्या बाईवर ही शंका घेणे सर्वांत सोपे!

दुसरा अर्ज भाच्याने लिहून पाठवला आणि तो आम्ही थेट वकिलातीकडे दिला. वर ठळक अक्षरांत लिहिले, 'संघाच्या नागरिकाच्या कुटुंबीयाचा अर्ज', आणि निर्देशाचे कलम दिले. पैसे घेतले नाहीत, विमा मागितला नाही. मात्र दोन गोष्टी काटेकोरपणे पाहिल्या. नाते आणि अवलंबन.

नात्यापाशी आपल्या माणसांची गाडी अडते. भाच्याच्या जन्मनोंदीत आईचे नाव माहेरचे, आधारवर सासरचे, आणि शाळेच्या दाखल्यावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नावबदलाची जाहिरात यांत चार महिने गेले. लग्नाचेही तसेच. विहारात भन्तेंच्या साक्षीने झालेला मंगल परिणय आपल्याला प्रिय आहे, पण विहाराचा दाखला परदेशी कचेरीत चालत नाही. भाच्याने विशेष विवाह कायदा १९५४ खाली तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी केली होती, म्हणून निभावले. त्या दाखल्यावर राज्याच्या गृह विभागाची पडताळणी आणि परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का लागला. आपल्या महिला मंडळांनी विवाह नोंदणीची आणि जन्मदाखला दुरुस्तीची शिबिरे भरवावीत, असे मला वाटते. सत्काराचे कार्यक्रम दोन कमी झाले तरी चालतील.

अवलंबन सिद्ध केले ते पासबुकाने. दरमहा मुलाकडून आलेली रक्कम, औषधांची बिले, रेशनकार्ड. ही मदत मायदेशी असतानाच चालू असावी लागते. असा निकाल २००७ मध्ये जिया खटल्यात लागला. तिथेही प्रश्न सासूचाच होता! बाई चिनी, सून जर्मन, राहायचे स्वीडनमध्ये. म्हणून मुलांनी आईला पैसे हातात देण्यापेक्षा खात्यात टाकावेत.

हा निकाल देणारे न्यायालय लक्झेंबर्ग शहरातच आहे. तिथे बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग १ मार्च २०२० पासून सर्वांना फुकट आहे. ताई ट्राममध्ये बसल्यापासून कंडक्टर शोधत होती. लाल पुलावरून खोल दरी ओलांडून किर्शबर्गच्या पठारावर गेलो. न्यायालयाचे सोनेरी रंगाचे उंच मनोरे बाहेरूनच पाहिले. याच न्यायालयात ७ जुलै १९९२ रोजी सुरिंदर सिंग या भारतीयाच्या नावाने गाजलेला निकाल लागला. हा गृहस्थ एका ब्रिटिश बाईचा नवरा. दोघे जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले, तर सरकार त्याला राहू देईना. न्यायालयाने म्हटले की, दुसऱ्या देशात काम करून परत येणाऱ्या नागरिकाच्या जोडीदारालाही संघाच्या कायद्याचे संरक्षण आहे. पुढे कित्येक जोडपी या वाटेने घरी परतली. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर त्या देशापुरती ती वाट बंद झाली.

हा कायदा सरसकट सर्वांना नाही, हेही सांगितले पाहिजे. जर्मन मुलगी जर्मनीतच राहून भारतीय मुलाशी लग्न करते, तेव्हा तिच्या देशाचाच कायदा लागतो. त्यात नवऱ्याला साधारणपणे जर्मन भाषेची पहिली परीक्षा पास व्हावी लागते. शेजारच्या फ्रेंच मुलीच्या नवऱ्याला ती लागत नाही. स्वतःच्या देशात राहणाऱ्याला हक्क कमी, बाहेरून आलेल्याला जास्त! याला न्याय म्हणावे असे मला वाटत नाही, पण सोयरिकी जुळवताना ठाऊक असावे.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर ताईला युरोपीय नागरिकांच्या छोट्या रांगेतून जाता येत होते. माझी रांग लांबलचक. ती म्हणाली, "मी नाही जायची तिकडून. तू उभा तिथं मी उभी." पाऊण तास गुडघे धरून उभी राहिली. बॉन शहर पाहायची तिची इच्छा होती, कारण १९२२-२३ च्या सुमारास परमपूज्य बाबासाहेबांनी तिथल्या विद्यापीठात नाव घातले होते. पण माझी रजा संपली.

शेंगेनला द्राक्षांची तोडणी चालू होती. उतारावर, तारांवर बांधलेल्या वेली. ताईने एक घड हातात घेऊन पाहिला. "आपल्याकडं मांडव असतो, सावलीत काम व्हतं. इथं पोरी उन्हात." मग म्हणाली, "मणी बारीक. विरळणी केलेली नाही." ही द्राक्षे खायची नसून दारूची आहेत असे भाच्याने सांगितल्यावर तिने घड सोडला. पंचशील पाळणारी बाई. त्या दुपारी आम्ही पुलावरून चालत जर्मनीत गेलो. २०२४ च्या सप्टेंबरात जर्मनीने आपल्या साऱ्या जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली होती, म्हणून पासपोर्ट पिशवीत होते. आम्हाला कोणी हटकले नाही. पेर्लच्या दुकानातून तिने सुनेसाठी फडकी घेतली.

ताईने आता निवासकार्डासाठी अर्ज केला आहे. निर्णय सहा महिन्यांत द्यावा लागतो, आणि नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते. तोवर अर्जाची पोच हातात आहे. तिने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पासबुकाच्या शेजारी ठेवली आहे.