डिकीतलं राजकारण

माढ्याहून पुण्याला परतताना आईची यादी ठरलेली: ज्वारीचं पोतं, शेंगा चटणी, लोणच्याची बरणी. आणि टियागो ईव्हीची डिकी जेमतेम २४० लिटरची! मग चार्जिंगच्या केबलनं बसायचं कुठे? आपला फंडा सिंपल: केबल कधीच पोत्याखाली नाही. सैल वेटोळं करून कापडी पिशवीत, ड्रायव्हरच्या सीटमागे. टेस्टर, पाने, पंक्चर किट बाहेरच्या खिशात. वाटेत टायर बसला तर पोतं उपसायला नको.

माढ्यात अर्थिंगवालं १५ अँपिअरचं सॉकेट आहे, गाडी रात्रभर तिथेच. पेट्रोलच्या गाडीनं मी जेवून लगेच निघायचो, आता मुक्काम कम्पल्सरी! म्हणूनच की काय, निघताना आई पोत्याआधी केबलची चौकशी करते, “वायर घेतलीस न्हवं? पुढच्या खेपंला लागंल की!”